मार्लवाईचे वाचक

आदिलाबादच्या डोंगरपट्ट्यात गेल्या शतकाच्या पूर्वार्धात शेती करणाऱ्या गोंडाच्या घरी जर एखादा सरकारी कागद असलाच, तर तो त्याच्या दृष्टीने तिहेरी परका असे. तो स्वतः गोंडी बोले, गावचा पटवारी आपले दफ्तर मराठीत किंवा तेलुगूत ठेवी, आणि तहसील कचेरीचा व्यवहार, १८८४ च्या सुमारास हैदराबाद संस्थानाने फारशी सोडून उर्दूचा स्वीकार केल्यापासून, उर्दूत चाले. ज्या जमिनीवर त्याच्या आजाने नांगर धरला ती कोणाच्या नावे लागली आहे, साऱ्याची रक्कम किती भरली आणि बाकी किती दाखवली, आपल्या अंगठ्याच्या निशाणीने आपण नेमके काय कबूल केले, हे सारे त्याला दुसऱ्याच्या मुखाने ऐकावे लागे. आणि तो दुसरा, बहुतेक प्रसंगी, त्या कागदापासून लाभ उठवणाराच असे. १९४० सालच्या रक्तपातानंतर या जिल्ह्यात जी शांतता हळूहळू प्रस्थापित झाली तिचे श्रेय इतिहासकार कायद्याला देतात, आणि ते अयथार्थ नाही. परंतु त्या कायद्याच्या आधी आणि त्याच्या बरोबरीने एका लहानशा खेड्यात काही थोड्या प्रौढ माणसांना वाचायला शिकवण्याचे जे कार्य झाले, त्याची योग्यता मला कायद्याहून कमी वाटत नाही. त्या कार्याची लिपी आपली देवनागरी होती, आणि ते करणाऱ्यांत व पुढे नेणाऱ्यांत मराठी माणसेही होती. तरी मराठी वाचकाला त्याची वार्ता जवळजवळ नाही.

उत्तरेस पैनगंगा, ईशान्येस वर्धा, पूर्वेस प्राणहिता आणि दक्षिणेस गोदावरी, अशा चार नद्यांच्या वेढ्यात हा मुलूख वसला आहे. मोगलाईच्या जुन्या कागदांत एदलाबाद म्हणून येणारे आदिलाबाद १८७२ साली सिरपूर-तांडूर या उपजिल्ह्यात मोडत असे. १९०५ मध्ये आसिफाबाद येथे मुख्य ठाणे ठेवून स्वतंत्र जिल्हा झाला आणि पुढे ठाणे आदिलाबादेस आले. आज महाराष्ट्रात असलेले किनवट आणि राजुरा हे दोन्ही तालुके तेव्हा याच जिल्ह्याचे अंग होते. सपाटीच्या काळ्या जमिनीवर कापूस पिकवणारी मराठी आणि तेलुगू कुळे, डोंगरावर राजगोंड, कोलाम आणि नायकपोड, मराठीच बोलणारे आंध, आणि गोंडांचे वंशपरंपरागत भाट असलेले परधान व तोटी, अशी येथील वस्ती होती. चांद्याच्या गोंड राजांची सत्ता अठराव्या शतकाच्या मध्यास नागपूरकर भोसल्यांनी संपुष्टात आणली, तरी माणिकगडाच्या आणि उटनूरच्या परिसरातील गोंडांच्या मनातून आपण या भूमीचे धनी आहोत ही भावना गेली नाही. ती जाण्याचे कारणही नव्हते, कारण त्या भूमीसाठी त्यांच्याशी स्पर्धा करणारे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत, फारसे कोणी नव्हतेच.

स्पर्धा आली ती रस्त्यांबरोबर, कापसाच्या भावाबरोबर आणि जमाबंदीबरोबर. गोंड आणि कोलाम यांच्या जुन्या रीतीत जमीन काही वर्षे कसावी, तिचा कस उतरला की पडीत टाकावी आणि दुसरीकडे रान तोडावे, पुन्हा काही काळाने पहिल्या जागी परतावे, असा क्रम होता. जमाबंदीच्या दृष्टीने पडीत जमीन ही बेवारस. आणि तिच्यासाठी अर्ज करून, नजराणा भरून, पट्टा मिळवण्याची वाट ज्याला कचेरीची भाषा अवगत होती त्यालाच मोकळी होती. गोदावरीपलीकडून आणि पैनगंगेपलीकडून आलेल्या जमीनदारांनी, सावकारांनी आणि वतनदारांनी त्या वाटेचा पुरेपूर उपयोग केला, आणि त्यांत आपले मराठी भाषकही होते, हे येथे स्पष्टपणे लिहिले पाहिजे. बाकी राहिलेले रान जंगल खात्याने सरहद्दी आखून राखीव केले. ज्या गावांना त्या सरहद्दींनी वेढले, त्यांतील कित्येक उठवण्यात आली. ज्या शेतांत बी पडले होते त्यांना अतिक्रमण ठरवण्यात आले. चौकीदाराला द्यावयाचा मामूल, दौऱ्यावरील अंमलदारांसाठी करावयाची वेठ आणि पुरवायची रसद, हे निराळेच. या सर्व घटनांत बळाचा वापर झाला नाही असे नाही. पण त्यांचे मुख्य साधन तलवार वा बंदूक नव्हती, तर दप्तरातील नोंद होती.

कोमराम भीम हा त्याच परिस्थितीतून निर्माण झालेला पुरुष. त्याच्या चरित्रातील कितीतरी भाग आज लोककथेत विलीन झाला आहे. तो तरुणपणी चांद्यास पळून गेला, तेथे एका छापखान्याच्या चालकाकडे राहून लिहिणे-वाचणे शिकला, आणि पुढे आसामच्या चहामळ्यांत राहून परतला, असे लोक सांगतात. या कथेतील छापखान्याचा तपशील इतिहासाच्या कसोटीला उतरो वा न उतरो, त्याच्या लोकांना आपला पुढारी अक्षरज्ञ असावा असे वाटले, यातच त्या काळची व्यथा आहे. केरामेरीच्या डोंगरात जोडेघाटाच्या आसपासच्या बारा गावांवरील आपला हक्क सरकारने मान्य करावा, ही त्याची मागणी. जल, जंगल आणि जमीन ही तिची घोषणा पुढे देशभर गेली. १९४० साली निझामाच्या पोलिसांनी जोडेघाटावर गोळीबार केला आणि भीम आपल्या सहकाऱ्यांसह मारला गेला. आश्विन पौर्णिमेस त्याचा स्मृतिदिन आजही पाळला जातो.

बंड शमले, परंतु शमणे म्हणजे शांतता नव्हे, हे हैदराबादेतील काही अधिकाऱ्यांच्या तरी ध्यानात आले. योगायोग असा की, याच काळात क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा १९०९ साली व्हिएन्नात जन्मलेला मानववंशशास्त्रज्ञ संस्थानात होता. ऑस्ट्रिया जर्मनीच्या घशात गेल्यामुळे त्याच्यापाशी जर्मन पासपोर्ट होता. महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश हिंदुस्थानच्या दृष्टीने तो शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला, आणि निझाम सरकारच्या अनुमतीने त्याचा संचार संस्थानाच्या हद्दीपुरता मर्यादित करण्यात आला. युरोपात माणसे माणसांचा संहार करीत असताना हा सक्तीने थांबलेला परदेशी प्रथम चेंचू, मग गोदावरीकाठचे कोंडा रेड्डी, आणि त्यानंतर आदिलाबादचे गोंड यांच्यात जाऊन राहिला. त्याची पत्नी बेटी ही या साऱ्या प्रवासात त्याच्याबरोबर होती. उटनूरच्या डोंगरातील मार्लवाई या गोंड खेड्यात त्यांनी गवती छपराच्या घरात मुक्काम केला, आणि तेथूनच त्याने जमिनीच्या दुरवस्थेबद्दल सरकारला अहवाल लिहिले, जे पुढे १९४५ मध्ये ‘ट्रायबल हैदराबाद’ या नावाने पुस्तकरूपाने निघाले. त्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिणारे डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन हे निझामाच्या मंत्रिमंडळात महसूल व पोलीस खात्याचे सभासद होते, आणि बस्तरच्या माडिया गोंडांवर त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिला होता. राज्यकारभाराच्या इतिहासात असा सुयोग क्वचित येतो की, अहवाल लिहिणाऱ्याला विषय ठाऊक आहे आणि तो वाचणाऱ्यालाही.

१९४३ साली मार्लवाईत जी शाळा उघडली ती मुलांची शाळा म्हणून नव्हे, तर शिक्षक घडवण्याचे केंद्र म्हणून. गोंडांना शिकवायला बाहेरून शिक्षक आणावा, तर तो डोंगरात टिकत नाही, गोंडी जाणत नाही आणि विद्यार्थ्यांविषयी त्याला आदर नसतो. म्हणून गोंडांतूनच शिक्षक निर्माण झाले पाहिजेत, हा या योजनेचा पाया होता. पण जवळजवळ संपूर्ण निरक्षर समाजातून शिक्षक कोठून आणावयाचा? येथे मराठी उपयोगी पडली. कोठे बाजाराच्या निमित्ताने, कोठे एखाद्या पटेलाच्या ओसरीवर, थोडीबहुत मराठी वाचायला शिकलेले काही गोंड तरुण त्या पट्ट्यात होते. त्यांना जमवून मार्लवाईत बसवण्यात आले, त्यांच्याच साहाय्याने गोंडी भाषेतील प्राथमिक पुस्तके तयार झाली, आणि ती देवनागरी लिपीत छापण्यात आली. उर्दू ही दरबारची लिपी, तेलुगू ही दक्षिणेकडील बाजारांची. परंतु या डोंगरांचा नित्याचा संबंध वऱ्हाड, चांदा आणि नांदेडकडील मराठी मुलखाशी असल्यामुळे ज्या थोड्यांना अक्षरे ओळखीची होती त्यांना ती देवनागरीच होती. प्रथम आपल्या भाषेत वाचायला शिकावे, आणि वाचन हाती आल्यावर मग कचेरीच्या उर्दूकडे वळावे, असा क्रम ठरला.

आज मातृभाषेतून प्रारंभिक शिक्षण हा विचार सर्वमान्य झाल्यामुळे या निर्णयाचे धाडस आपल्याला जाणवत नाही. ज्या संस्थानात बहुसंख्य प्रजेच्या तेलुगू, मराठी आणि कानडी भाषांनाही उच्च शिक्षणात स्थान नव्हते, उस्मानिया विद्यापीठ सर्वस्वी उर्दूतून चालत होते, त्या संस्थानाच्या एका कोपऱ्यात, ज्या भाषेची गणना सुशिक्षित लोक भाषांत करीतच नव्हते, त्या भाषेत सरकारी खर्चाने पुस्तके छापली गेली.

या पुस्तकांच्या पहिल्या वर्षाच्या वाचकांचे मला राहून राहून मोठे कौतुक वाटते. ते बालवयाचे नव्हते. त्यांच्यातील बहुतेकांची लग्ने झालेली, घरी बैल आणि शेत असलेली, आणि जोडेघाटाची बातमी जिवंत स्मरणात असलेली अशी ती माणसे होती. त्यांना आपल्या बोलीतील वाक्य कागदावर प्रथमच दिसले तेव्हा त्यांनी काय अनुभवले असेल याची कल्पना करण्याचा अधिकार मी घेत नाही. मात्र त्याचा परिणाम कागदोपत्री दिसतो: या केंद्रातून बाहेर पडलेले गोंड प्रथम खेड्यांतल्या शाळांचे शिक्षक झाले, आणि पुढे त्यांच्यातून आणि त्यांच्या विद्यार्थ्यांतून पटवारी, जंगल रक्षक, कारकून आणि महसुलाचे गिरदावरही निघाले. ज्या दफ्तराने त्यांना बेदखल केले होते, त्याच दफ्तराच्या आतल्या बाजूला त्यांचे आप्त बसू लागले. आपली पावती वाचून दाखवायला परक्याची मनधरणी करावी लागत नाही, अर्जात काय लिहिले आहे हे गावातलाच कोणी सांगू शकतो, आणि अंगठ्याऐवजी सही करणारा माणूस समोर पाहून वसुलीस आलेल्या शिपायाच्या बोलण्यातही फरक पडतो. सरकार आणि प्रजा यांच्यातील वैराची धार बोथट होते ती अशा प्रकारे. एका गावात एक वाचणारा असला तरी साऱ्या गावाचे वाचन होते.

येथे परधानांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. गोंडांच्या देवकथा आणि कुळांच्या उत्पत्तीच्या गाथा किंगरीच्या साथीने गाऊन पिढ्यान्‌पिढ्या जतन करणारे हे परधान आदिलाबादेत मातृभाषा म्हणून मराठीच बोलतात. यजमानांपुढे गाताना मात्र त्यांची वाणी गोंडी होते. म्हणजे गोंडांचे पुराण ज्यांच्या कंठात सुरक्षित राहिले ते घरी आपल्यासारखी मराठी बोलणारे लोक होते. हायमेनडॉर्फने १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द राजगोंड्स ऑफ आदिलाबाद’ या ग्रंथाचा गाभा अशा परधानांच्या मुखातून आलेल्या कथांचाच आहे.

वाचणारा प्रजाजन तयार होत असताना, त्याला वाचण्याजोगा असा एक कागद सरकारनेही तयार केला, आणि तो म्हणजे पट्टा. १९४५ पासून हायमेनडॉर्फ संस्थानाचा आदिवासी व मागास जातींविषयक सल्लागार झाला. फसली १३५६, म्हणजे इसवी सन १९४६ च्या सुमारास, आदिवासी क्षेत्रांचा विनियम जारी झाला आणि फसली १३५९ मध्ये, म्हणजे १९४९ साली, त्याची सुधारित आवृत्ती अमलात आली. अधिसूचित गावांतील जमीन बिगर-आदिवासीस मिळू नये, लहान तंटे गोंडांच्या पंचायतीने त्यांच्या रूढीप्रमाणे तोडावे, आणि या क्षेत्राकरिता स्वतंत्र अधिकारी असावा, अशी त्यातील मुख्य कलमे होती. या काही वर्षांत आदिलाबाद जिल्ह्यात अकरा हजारांहून अधिक आदिवासी शेतकऱ्यांना मिळून सुमारे एक लाख साठ हजार एकर जमिनीचे पट्टे देण्यात आले. राज्य बदलले, निझामी जाऊन लोकशाही आली, तरी हे काम मध्येच थांबले नाही, ही गोष्ट त्या काळच्या अंमलदारांना भूषणावह आहे.

त्या अंमलदारांत एक नाव मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचे आहे, ते सेतुमाधवराव पगडी यांचे. निलंग्यास १९१० साली जन्मलेल्या, हैदराबादच्या मुलकी सेवेत शिरलेल्या पगडी यांना महाराष्ट्र ओळखतो तो मोगल दरबारची बातमीपत्रे मराठीत आणणारा, शिवकालाच्या फारशी साधनांचा दुभाषी म्हणून. पण या विद्वानाने आदिलाबादेत आदिवासींसाठी खास अधिकारी म्हणून काम करताना गोंडी आणि कोलामी या दोन्ही भाषा आत्मसात केल्या, गोंडांविषयी इंग्रजीत ‘अमंग द गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हे पुस्तक लिहिले, आणि १९५० मध्ये कोलामी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले, हे किती जणांना ठाऊक असेल? बादशहाच्या छावणीतील खबर आणि कोलामाच्या पाड्यावरील क्रियापद या दोहोंकडे सारख्याच आस्थेने पाहणारी ही बुद्धी मला विलक्षण आदरणीय वाटते. पट्ट्यांच्या वाटपाचा जो झपाटा वर सांगितला, त्यात या अधिकाऱ्याच्या परिश्रमांचा वाटा मोठा होता. आणि ज्याच्या नावे पट्टा करावयाचा त्याच्याशी दुभाष्याविना बोलता येणे ही त्या परिश्रमांतील अर्धी शक्ती होती.

केसलापूरची जत्रा हे या सर्व प्रयत्नांचे दृश्य रूप होते. पौष अमावास्येला मेसराम कुळाचे गोंड तेथे नागोबाची महापूजा करतात, आणि दूरदूरची घरे बैलगाड्या जोडून येतात. बंडानंतरच्या त्याच दशकात हायमेनडॉर्फच्या पुढाकाराने जत्रेच्या स्थळी दरबार भरवण्याची प्रथा सुरू झाली; जिल्ह्याचे अधिकारी तेथे येऊन बसावेत आणि लोकांनी आपली गाऱ्हाणी समक्ष मांडावीत. एरव्ही गोंड कचेरीकडे जाई. वर्षातून एक दिवस कचेरी त्याच्या देवापाशी येऊ लागली. ही प्रथा, मधल्या खंडांसह, आजतागायत चालू आहे.

१९५६ च्या राज्य-पुनर्रचनेने मात्र या कार्याच्या मुळावर घाव पडला. किनवट नांदेडकडे आले, राजुरा १९५९ मध्ये चांद्यास जोडले गेले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. शाळेची भाषा तेलुगू झाली, कचेरीचीही कालांतराने तीच झाली, आणि गोंडीतील देवनागरी पुस्तके मागे पडली. कोणी ती जाणूनबुजून नष्ट केली असे नव्हे. भाषावार प्रांतांच्या विचारात ज्या भाषेला प्रांत नव्हता तिला जागाच उरली नाही. आपण मराठी लोकांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी जो उत्कट लढा दिला त्याचा मला अभिमान आहे. परंतु सीमेवरच्या डोंगरात राहणाऱ्यांची भाषा ना आपली ना तेलुगूंची, तिचे काय होणार, हा प्रश्न त्या लढ्याच्या धामधुमीत उभयपक्षी कोणी विचारला नाही.

लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत प्राध्यापक झालेला हायमेनडॉर्फ सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात पुन्हा आदिलाबादेत फिरला, तेव्हा त्याला पट्टे दिलेली कितीतरी जमीन बिगर-आदिवासींच्या ताब्यात गेलेली आढळली. १९५९ चा जमीन हस्तांतरणाचा विनियम होता, १९७० ची कडक दुरुस्तीही होती. कायद्यात उणीव नव्हती. त्याने आपल्या १९८२ च्या ग्रंथात ही कहाणी अत्यंत खिन्नपणे नमूद केली आहे. तत्पूर्वीच, २० एप्रिल १९८१ रोजी, इंद्रवेल्ली येथे जमलेल्या गोंडांच्या सभेवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा आहे. लोक त्याहून पुष्कळ मोठा आकडा सांगतात. जोडेघाटानंतर एकेचाळीस वर्षांनी, केसलापूरच्या नागोबापासून अगदी जवळ, पुन्हा तेच घडले. मार्लवाईच्या शाळेने मिळवलेली शांतता टिकली नाही असे यावरून कोणी म्हणेल, तर मी एवढेच म्हणेन की, ती शाळा चालू असेपर्यंत, आणि तिच्या वाचकांच्या हातचे कागद खरे मानले जात असेपर्यंत, ती टिकली होती. बेटी हायमेनडॉर्फ १९८७ मध्ये हैदराबादेत वारली आणि तिच्या इच्छेनुसार मार्लवाईत तिचे दफन झाले; पतीच्या अस्थीही अनेक वर्षांनी तेथेच आणण्यात आल्या. गोंड दरवर्षी जानेवारीत त्या दोघांचे पुण्यस्मरण करतात. मार्लवाई आणि जोडेघाट ही दोन्ही स्थळे २०१६ च्या जिल्हा-विभाजनानंतर ज्या जिल्ह्यात गेली, त्या जिल्ह्यालाच आता कोमराम भीमाचे नाव आहे.

१९४३ मध्ये साऱ्यांनीच गृहीत धरले होते की गोंडीला लिपी नाही, म्हणून ती बाहेरून आणली पाहिजे. २००६ च्या सुमारास मार्लवाईच्या शेजारच्याच नारनूर भागात, गुंजाळा नावाच्या गावी, एका निराळ्याच लिपीत लिहिलेली गोंडी हस्तलिखिते उजेडात आली. हैदराबादच्या विद्वानांनी त्यांचा अभ्यास केला, ती अठराव्या शतकाच्या मध्यातील असावीत असा कयास केला, आणि ज्या वृद्धांना ती वाचता येत होती त्यांच्याकडून अक्षरे शिकून घेतली. म्हणजे हायमेनडॉर्फ आणि पगडी ज्या रस्त्यांनी घोड्यावरून आणि पायी गेले, त्यांच्या आसपासच कोणाच्या तरी घरात गोंडीचे दफ्तर बांधून ठेवलेले होते, आणि ते वाचणारे कोणी ना कोणी शिल्लक होते. ते त्यांना दाखवण्यात आले नाही. ज्यांनी कित्येक वर्षे प्रत्येक कागदामुळे काही ना काही गमावले होते, त्यांनी आपला कागद सरकारी पाहुण्यांपुढे न मांडणे मला स्वाभाविक वाटते.

त्या लिपीला २०१८ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले, तिचे प्राथमिक पुस्तकही छापले गेले, आणि काही शाळांतून ती शिकवण्याचा उपक्रमही झाला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात गोंडी बोलणारे सुमारे तीस लाख आहेत, तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत ही भाषा नाही. ३० जून २०२३ रोजी तेलंगण सरकारने पोडू, म्हणजे रान तोडून कसलेल्या, जमिनीच्या पट्ट्यांचे वाटप सुरू केले, आणि त्यासाठी निवडलेले ठिकाण आसिफाबाद होते. राज्यभरातील दीड लाखाहून अधिक आदिवासींना चार लाखांवर एकर जमिनीचे हक्क त्या योजनेत मिळावयाचे होते. केरामेरीच्या आणि जैनूरच्या डोंगरांतील गोंड पुन्हा एकदा कागद हाती घेऊन घरी परतले. या वेळी त्यांच्या घरांतील मुले शाळेत तेलुगू शिकलेली होती आणि तो कागद वाचून दाखवू शकत होती. आजीला तो समजावून सांगताना मात्र त्यांना तो मनातल्या मनात गोंडीत आणावा लागला असणार, कारण मार्लवाईने ऐंशी वर्षांपूर्वी आरंभलेले ते काम कोणत्याही सरकारने पुरे केलेले नाही.